माशांसाठी गोडं पाणी

रविवार, दिवेलागणीनंतर

महेशची काचेची पेटी महिनाभर बैठकीत नुसती पाणी घुसळत होती. आज त्याने तिच्यावर निळा दिवा लावला आणि दोन केशरी मासे सोडले. शाळेत मी समुद्राच्या कविता वर्गापुढे छाती काढून म्हटल्या, पण समुद्र कधी पाहिला नाही. खुर्ची ओढून जवळ बसलो. तो निळा उजेड पाण्यात हलत होता. सुंदर. खोटं कशाला लिहू?

महेश गच्चीवरून पाण्याची कॅन घेऊन उतरला. विचारलं, ‘वरून काऊन आणतं रे पाणी?’

‘फिल्टर मशीन लावली न बाबा, माशायसाठी. आपलं बोरचं पाणी खारं हाय, त्यानं मरतीन ते. आधी गोडं करा लागते, मंग त्यात समुद्राचं मीठ मोजून टाका लागते.’

खारं आहे! आता कळलं याला. डॉक्टरांनी याच्या आईला, कमलला, बोरचं पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हा अशाच मशीनसाठी मी याच्या मागे लागलो होतो. तेव्हा म्हणाला, ‘साऱ्या गावानं हेच पेलं बाबा, कोन मेलं?’

कमल मेली. दोन्ही किडन्या गेल्या तिच्या.

सूनबाईंनी त्याच मशीनचं पाणी पेल्यात आणून दिलं. ‘घ्या मामाजी, तुमचीबी सोय झाली.’ पेल्यातही निळा उजेड. एक घोट घेतला. गोडं होतं, आणि तेच सोसलं नाही. उठलो, पेला पेटीवर धरला. ओतणार होतो का? कोण जाणे.

महेश धावत आला, हात धरला. ‘बाबा, काय करून राह्यले? बिनमिठाच्या पाण्यानं मरतीन ना ते!’

आवाज कापत होता त्याचा. आईच्या वेळी कुठे होता हा आवाज?