नोटीस तुझ्या नावाची

भूम,
रविवार सकाळ

प्रिय बिभीषण,

आधी अभिनंदन. पोलिसांची नोटीस आली म्हणून कुणी कुणाचं अभिनंदन केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण आपल्या चळवळ्यांच्या पंथात तिला मान आहे, आणि तो मान बाहत्तराव्या वर्षी तुला मिळाला. मला मिळाला नाही. शिवप्रिया वकीलबाईंनी परवा फोनवर नोटीस निघालेल्यांची बारा नावं वाचून दाखवली तेव्हा मी फोन कानाला घट्ट धरून बसलो होतो. बारावं नाव झालं आणि त्या म्हणाल्या, "झाली सर यादी." मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. सूनबाईनं ताट वाढलं होतं, ते तसंच झाकून ठेवायला सांगितलं. खोटं कशाला बोलू गड्या, माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं गोळी घेऊन जाणारं नव्हतं.

पाकिटावर धाराशिव लिहिलंय. तू अजून उस्मानाबादच म्हणतोस हे मला माहीत आहे. नाव बदललं तेव्हा मी आपल्या समाजवादी मंडळात बाजू-विरोधाची टिपणं काढून नेली होती, सात पानी. तू ती ऐकून घेतलीस आणि म्हणालास, "मास्तर, गाडीची पाटी बदलली, खड्डे तेच हायेत." सगळे हसले. माझी सात पानं पिशवीत परत गेली. हे असं किती वेळा झालं असेल, मोजत बसलो तर पत्र संपणार नाही. आणि फोन उशाशी असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. त्याला कारण आहे. सांगतो, जरा दम धर.

तुला आठवतं का, तू भूमच्या गाडीवर कंडक्टर होतास आणि मी नवा प्राथमिक शिक्षक? दर शनिवारी तालुक्याची कागदपत्रं घेऊन मी तुझ्या गाडीनं जिल्ह्याला जायचो. तुझ्या सीटमागच्या बाकावर बसून मी तुला बैरूतवर पडलेले बॉम्ब वाचून दाखवायचो, निकाराग्वा नकाशात कुठं आहे ते सांगायचो. तू तिकिटं फाडत ऐकायचास. साम्राज्यशाही हा शब्द तुला मी शिकवला, बिभीषण. तो तू आजवर एकदाही वापरला नाहीस, आणि तरी तुझं बोलणं ऐकून लोक साम्राज्यशाही समजतात. माझं बोलणं ऐकून लोक घड्याळ बघतात.

गेल्या खरिपाची आपली सभा घे. आठवडी बाजाराचा दिवस, माणसं आयती जमलेली. मी नकाशा टांगला. युक्रेन, गाझा, इराण, समुद्रातल्या तेलाच्या वाटा, शस्त्रांचे कारखाने, लढाई संपू न देण्यात कुणाचा फायदा, दोन्हीकडच्या शिपायांचे बाप कसे शेतकरी आणि मजूरच, सगळं मुद्देसूद मांडलं. चाळीस मिनिटं. समोरची चार माणसं उठून भाजी घ्यायला गेली. माईक खरखरतोय म्हणून मी माईकवाल्यावर डाफरलो. नाचता येईना अंगण वाकडं. मग तू उठलास, कुणाच्या तरी गाडीतली खताची रिकामी गोणी उचललीस आणि म्हणालास, "गोळी तिकडं सुटती आन लाईन इकडं खताच्या दुकानाम्होरं लागती. तिकडं ज्याचं पोरगं मरतंय त्यो बी आपल्यासारखाच लाईनीत हुबा हाय." झालं. भाजी घ्यायला गेलेले परत आले. माझ्या चाळीस मिनिटांचा रस तू दोन वाक्यांत काढलास, आणि टाळ्या तुला पडल्या. मीही वाजवल्या, पण माझ्या हातांचा आवाज आला नाही.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एकानं मला विचारलं, आपले सीमेवरचे जवान तुम्हाला दिसत नाहीत का, तिकडचेच बरे दिसतात? मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लिहिलं होतं की दोघेही दिसतात, कारण दोघेही गरिबाघरचे. पाठवलं मात्र नाही. घरात कटकट नको म्हटलं. मग कळलं की हाच सवाल तुला कटिंगच्या दुकानात कुणीतरी केला आणि अर्धी दाढी झालेली असताना तू वळून म्हणालास, "माझा पुतण्या सीमेवर हाय. म्हणूनच म्या लढाई नको म्हणतो." ही गोष्ट मला तीन जणांनी सांगितली, तिघांनीही कौतुकानं. तुला पुतण्याही अगदी हवा तिथंच कसा असतो, असा विचार माझ्या मनात आला. बघ, माणूस किती खालच्या थराला जातो.

आता त्या शनिवारचं. आपण तुमच्या धाराशिवच्या चौकात उभे राहिलो ते लढाईत लेकरं मारणं थांबवा एवढंच म्हणायला. कोण कुणाच्या बाजूचं, कुणाचा देव कुठला, ह्यावर शब्द नाही. फलक नेहमीप्रमाणे मी लिहिला होता. चाळीस वर्षांचा आपला रिवाज, लिहायचं मी, धरायचं तू. पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगात मी एकच ओळ लिहिली: लढाई कुणाचीही असो, मढं गरिबाचंच असतं. ओळ मला प्रवासात सुचली होती आणि तिच्यावर मी खूश होतो. म्हटलं, ह्या खेपेला तरी लोक ओळ बघतील, बिभीषणला नाही.

तू बोलायला लागलास आणि कमलवहिनींचा हात सांगितलास. तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडमध्ये दारू भरताना एक ठिणगी उडाली, आणि दोन महिने त्यांना भाकरी थापता आली नाही. "एका ठिणगीनं घरची चूल थंडावती. तिकडं आभाळातनं पडतंय रोज." मी तो हात पाहिलाय, त्याची कातडी अजून ओढल्यासारखी आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे त्या वेळी मला पटलं आणि त्याचाच मला हेवा वाटला. कुणाच्या भाजलेल्या हाताचा हेवा करणारा समाजवादी तू पाहिला होतास का? मी पाहिला, रोज दाढी करताना दिसतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तू मधोमध, फलक छातीशी. खाली तुझं पूर्ण नाव, आणि "त्यांच्या फलकाने लक्ष वेधले." त्यांच्या! अक्षर माझं, ओळ माझी, आणि फलक त्यांचा. फोटोत मी नाहीच. मी तेव्हा चहाच्या टपरीच्या पायरीवर बसलो होतो, गुडघ्यांमुळे. तुला मी तेच सांगितलं, की गुडघे धरले, म्हणून बाजूला झालो, आणि एवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि तुम्हाला घेऊन गेली.

हे अर्धंच खरं आहे, बिभीषण.

फलक जप्त करायला गौरीशंकर हवालदार आला होता. तो माझ्याकडं पहिलीला होता. त्याच्या पाटीवरचा पहिला 'ग' मी गिरवून दिलेला आहे. फलक बगलेत धरून तो टपरीजवळ आला, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, हे अक्षर तुमचं हाय का?" बिचारा आदरानं विचारत होता. आणि मी म्हणालो, "नाही." वर आणखी म्हणालो, "मी ह्यांच्यातला नाही. दवाखान्यात आलो होतो." गौरीशंकरनं एकदा फलकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि "बरं गुरुजी, उन्हात थांबू नका," म्हणून निघून गेला. त्याला कळलं होतं. तू गाडीत खिडकीशी होतास आणि तू मान दुसरीकडं वळवलीस. तुला ऐकू आलं असणार.

मागाहून मी मनाशी कारणं जुळवली. नातीचं, शिवलीलाचं, जर्मनीत नर्सचं काम ठरतंय, पासपोर्टची पोलीस चौकशी बाकी आहे, आजोबाचं नाव गुन्ह्यात आलं तर? कारण चांगलं आहे, पण ते मला परतीच्या गाडीत सुचलं. त्या पायरीवर मला काही सुचलं नव्हतं, मी फक्त घाबरलो होतो. म्हणूनच यादी ऐकताना नाव नसणार हे माहीत असून मी वाट बघत होतो. वाटत होतं की गौरीशंकरनं माझं खोटं ऐकूनही नाव घातलं असेल, आणि मी फुकटात तुझ्या शेजारी जाऊन बसेन.

काल वकीलबाईंनी नोटिशीची प्रत पाठवली. त्यात एक वाक्य आहे. सदर फलक आपणच लिहिल्याचे बिभीषण यांनी सांगितले. मी ते चारपाच वेळा वाचलं. तीस वर्षं हलत्या गाडीत तिकिटांच्या हिशेबाची वेबिलं भरून तुझं अक्षर असं झालंय की ते तुला स्वतःला लागत नाही, आणि तू म्हणालास, माझंच हाय. मला वाचवायला म्हणालास. इतकी वर्षं तुझ्या टाळ्यांवर, तुझ्या फोटोवर जळलो, पण कालच्याइतका कधीच जळलो नाही. हेही तूच करून बसलास. आणि पहिल्यांदा असं झालं की मला ते सहन झालं नाही आणि रडू आलं.

शिवलीलाला सगळं सांगितलं. म्हटलं, पोरी, तुझा पासपोर्ट अडेल कदाचित. ती म्हणाली, "अडू द्या दोन महिने. तुमी असं तोंड पाडून बसलेले मला जर्मनीतनं बी दिसल." तिची परवानगी मिळाली.

तर आता पत्राचं कारण. उद्या सोमवारी पहिल्या गाडीनं मी येतोय आणि तुझ्याबरोबर ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे की फलक माझा. वकीलबाई म्हणाल्या, तोंडी सांगून भागणार नाही सर, अक्षर पटवायला तुमच्या हातचं लिहिलेलं काही लागेल. चाळीस वर्षांत तुझ्या हातात दिलेले माझे फलक पावसात भिजले नाहीतर चुलीत गेले, एकही उरला नाही. म्हणून हे लिहिलं, आणि त्यात ती ओळही मुद्दाम पूर्ण लिहिली. 'मढं'मधला 'ढ' पुठ्ठ्यावर आहे तसाच इथं आहे, गौरीशंकर लगेच ओळखील. हे सगळं तोंडावर मला सांगवणार नाही, म्हणून शिवलीला हे पत्र आजच संध्याकाळच्या गाडीनं तुझ्याकडं पोचवतेय. आतला सगळा मत्सर ठाण्यात वाचला गेला तरी चालेल, पण पान फाडू नकोस. तू खोटं बोललास म्हणून तुला त्रास होईल, त्यासाठी आधीच माफी मागतो. आणि एक काम कर. उद्या ठाण्यातल्या बाकावर तुझ्या शेजारी रुमाल टाकून जागा धरून ठेव. तेरावं नाव येतंय.

तुझाच, आणि तुझ्यावर अजून जळणारा,
शांतलिंग मास्तर
(सही मुद्दाम पूर्ण नावानं केली आहे)