दोन कमी करा

दि. ९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ताई,

सा. न. मी धडधाकट आहे. तुझी खुशाली बेबीकडून कळते, म्हणजे ती सांगेल तेवढीच. तुझी लेक पंचेचाळीस वर्षांची घोडी झाली तरी आपण तिला बेबीच म्हणतो, आणि हल्ली तीच तुझी आई असल्यासारखी वागते. तू काठीशिवाय चालायला लागलीस असं म्हणाली. बरं वाटलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. कागद मधेच कट करता येत नाही.

आधी जीपचं सांगते, कारण डोकं तिनेच फिरवलं आहे. तुझ्या टेकडीवरच्या घरापर्यंतचे ते चार किलोमीटर म्हणजे नुसते दगड. तिथे साधी गाडी पोटावर घासते, म्हणून निवृत्तीनंतर हट्टाने ही घेतली. आधीच्या मालकाने ती चार इंच उचलून घेतली होती. दगडांवरून जायला झकास, पण आत चढायला शिडी हवी, आणि एकेक दगड कमरेत मोजून घ्यावा लागे. "अगं, ही गाडी आहे की उखळ?" असं तू दर खेपेला विचारायचीस. म्हणून तर ऑगस्टमध्ये मी ती गॅरेजात टाकली होती. तू पडलीस त्याच्या आदल्या आठवड्यात.

तो गॅरेजवाला माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. गेल्या गुरुवारी गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले.

म्हटलं, "मी उंची उतरवायला सांगितली होती. गाडी आहे तेवढीच उंच आहे. आठवडाभर तिची पूजा करत होतात का?"

तो चिंधीला हात पुसत म्हणाला, "काम केलंय की, बाई."

"टेप आणा."

टेप आणली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. गाडी विकत घेतली तेव्हा मी कागदावर लिहून ठेवलं होतं तितकंच, सुताचाही फरक नाही. मी म्हटलं, "बघा!" तर हा बाबा गाडीखाली झोपला आणि मलाही खाली बोलवू लागला. या वयात, ताई! मी गेले. सिमेंटवर आडवी पडले.

"हे शॉकअपचं बटण. फिरवलं की टक् वाजतं, असे आठ टक् असतात. सहावर होतं, चारवर आणलं. दोन कमी. गाडी मऊ झाली होती की नाही, खरं सांगा?"

"अहो, मऊ कुणी मागितली? इंच सांगितले होते मी. दोन इंच!"

"इंच कुठे लिहिलेत?"

त्याने तारेला टोचलेल्या गठ्ठ्यातून माझी चिठ्ठी उपसून काढली. अक्षर माझंच, वळणदार. 'दोन कमी करा.' बस्स. पुढे सही.

"उंची वेगळी, मऊपणा वेगळा," तो म्हणाला. "उंची उतरवायची तर स्प्रिंगची रिंग फिरवावी लागते. गिऱ्हाइकं दोन्ही एकच धरतात. तुम्ही फोनवर दणक्यांबद्दल बोललात, मी मऊ केली. पुढच्या वेळी नीट लिहीत जा, बाई."

नीट लिहीत जा. मला! कॉन्व्हेंटात पाल्हाळ लावलं की मदर वहीभर लाल रेघा ओढायच्या. तेव्हापासून मी शब्द मोजून वापरते, आणि त्याचा मला माज आहे. एकतीस वर्षं पोरांना विचारत आले, "क्रियापद आहे, कर्म कुठे गेलं?" उत्तर आलं नाही तर शून्य द्यायचे.

असो. आता त्याने खरोखर रिंग फिरवून गाडी दोन इंच खाली घेतली आहे. आधीच्या मालकाच्या स्प्रिंगा सामान लादायच्या होत्या, आपल्यासारख्या दोन म्हाताऱ्यांच्या वजनाने त्या दबतच नव्हत्या. त्या काढून हलक्या घातल्या. टायरमधली हवा थोडी कमी केली, दाराशी पायरी लावली. शनिवारी खाणीजवळच्या खडीवरून तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत इतकी डुलत होती की मला मळमळलं. एक टक् वाढवला, मग ठीक.

आता त्या दिवसाचं. इतका वेळ गाडीखाली लोळत बसले ते हेच टाळायला.

तुझ्या फाटकापाशी थांबलो. तू गाडीचं दार उघडलंस, खाली बघितलंस आणि विचारलंस, "कितीसं आहे गं?" मी इंजिनही बंद न करता म्हटलं, "दोन इंच खाली घेतलीये, डोळे मिटून उतर." मी मोजलं नव्हतं. गाडी झुलत होती, त्यावरून मीच ठरवून टाकलं, की खाली आली. तू माझ्या शब्दावर पाय टाकलास.

हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडल्या?" बेबी दारातच होती. आणि मी म्हणाले, "तिचा अंदाज चुकला." तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस, आणि पुन्हा मिटलेस. तेव्हापासून माझ्याशी बोलली नाहीस.

त्या एका वाक्यावर बेबीने सगळं ठरवलं. आईला आता अंदाज राहिला नाही, आईने टेकडीवर एकटं राहायचं नाही. तुला तिने आपल्या घरी नेलं, तुझ्या घराला कुलूप, किल्ली तिच्या कपाटात. मी हे बघत होते, ताई. अडीच महिने. वाटायचं, पाय बरा झाला की आपोआप मिटेल. गेल्या बुधवारी ती म्हणाली, येत्या शनिवारी, चौदा तारखेला, घर बघायला कुणीतरी येणार आहे, विकून टाकू. तरीही मी तिला खरं सांगितलं नाही. गुरुवारी गॅरेजात धावले ते खापर फोडायला कुणीतरी हवं होतं म्हणून. त्याच्या माथी मारलं असतं तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

हे पत्र बेबीला दाखव असं म्हणणार होते. पण तू दाखवायची नाहीस. लहानपणापासून मला पाठीशी घालत आलीस, आताही घालशील. म्हणून तिच्या नावाने वेगळं पाकीट टाकते आहे. त्यात एवढंच आहे: "बेबी, तुझ्या आईचा अंदाज चुकला नव्हता. गाडीची उंची तिला मी चुकीची सांगितली, आणि डॉक्टरांसमोर खोटंही मीच बोलले. किल्ली तिच्या हातात दे." ती माझ्यावर भडकेल. भडकू दे. तिच्या जागी मी असते तर मीही भडकले असते.

शुक्रवारी सकाळी दहाला गाडी घेऊन बेबीच्या दारात येते. यायचं की नाही ते तू ठरव, आणि घराचं काय करायचं तेही तूच. मी टेप घेऊन येईन. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आधी स्वतः मोज.

आपली चूक तुझ्या अंगावर टाकून अडीच महिने गप्प बसलेली,
तुझी धाकटी बहीण