अकरा जेल्या आणि आईची एक सही

ओटर फॉर्क, मिनेसोटा
१४ एप्रिल

लव्हॉन मावशीस,

गुडघाभर बर्फातून आर्लोचा नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत, तुझा गुडघा कसा आहे ते कळव. (तू ‘ठीक’ असंच कळवणार, म्हणून दिवसाला किती जिने चढतेस ते कळव.) तिकडे ॲरिझोनात पंखे लागले असतील. इथे काल पुन्हा सहा इंच बर्फ पडला, आणि याहून वाईट होऊ शकलं असतं यावर गावाचं एकमत झालं. पत्राला कारण म्हणशील तर काही नाही, आणि मागणं तर अजिबातच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर माझं शिक्षण. एकतिसाव्या वर्षी मी कॉलेजात परत गेलो, तेव्हा तू एकटीच म्हणाली होतीस की संगीताची पदवी घे, पण पोटाचंही बघ. ट्यूबाचा भला मोठा कर्णा फुंकून पोट भरत नाही, उलट रिकामं होतं. म्हणून संगीताच्या जोडीला मी मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा मायनर (दुय्यम विषय) घेतला. म्हणजे काय, तर एखाद्या संस्थेत कोणाला काय हवंय ते विचारायचं, नीट मांडायचं आणि कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचं. आपल्या सहकारी डेअरीने शब्द दिलाय, मायनर पुरा कर आणि एक जूनपासून कामावर ये. नाही झाला तर मिनिआपोलिसला चुलतभावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकत बसायचं आणि आईला इथे एकटीला ठेवायचं. माझा जीव टांगणीला लागलाय तो एवढ्यासाठीच.

या मायनरच्या अटी ऐकशील तर कपाळाला हात लावशील. सहा विषय, अठरा क्रेडिट, प्रत्येकात निदान ‘सी’. निम्मे तरी इथेच केलेले हवेत, आणि मुख्य विषयात मोजलेलं इथे पुन्हा मोजायचं नाही. (ट्यूबा इथे मोजायला कोण मागत होतं!) बारा वर्षांपूर्वी केलेला कॉम्प्युटरचा विषय त्यांनी शिळा ठरवला. तो पुन्हा केला, आणि विशीतल्या पोरींकडून फाइल कुठे ठेवायची ते शिकलो. डेटाबेसचा विषय एका वर्षाआड असतो, आणि मी हटकून नसलेल्या वर्षी नाव घालायला गेलो. असे रडतखडत पाच विषय झाले. सहावा म्हणजे प्रोजेक्ट. खऱ्याखुऱ्या संस्थेसाठी सिस्टिम करायची आणि ‘आमची गरज भागली’ अशी तिथल्या प्रमुखाची सही आणायची. सही नाही तर मार्क नाहीत. मी निवडलं आपल्या चर्चचं स्वयंपाकघर, मयताच्या जेवणाला कोणी काय आणायचं त्याची यादी. तिथली प्रमुख आई. नात्यातलं माणूस चालेल का म्हणून प्रोजेक्ट तपासणाऱ्या प्रूट सरांना विचारलं, तर म्हणाले, या भागात नातेवाईक वगळलेस तर उरणार कोण?

पुस्तक सांगतं, पहिली पायरी म्हणजे लोकांना काय हवं ते विचारा. मावशी, ते पुस्तक आपल्याकडच्या माणसाने लिहिलेलं नाही. मी अकरा बायकांना विचारलं, तुम्हाला काय आणायला आवडेल? अकराही जणी म्हणाल्या, "काहीही चालेल रे, तुला सोपं पडेल ते टाक." गुड्रुनबाईसुद्धा! तीस वर्षं हॅम आणणारी, आणि दुसऱ्या कोणी आणला तर महिनाभर चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसणारी बाई, तीही म्हणाली काहीही. मीही असा शहाणा, की तसंच टाकलं. आता कॉम्प्युटरला बिचाऱ्याला ‘काहीही’ कळत नाही, तो यादीतला पहिला पदार्थ उचलतो. पहिला पदार्थ होता गाजर घातलेली हिरवी जेली. गावातल्या एल्मर आजोबांच्या मयताला ऐंशी माणसं आणि टेबलावर अकरा जेल्या! आणि एकीने, अगं एकीने तोंड उघडलं असेल तर शपथ. लोक रांगेने आले, दोन-दोन घरच्या जेल्या वाढून घेतल्या आणि वर कॉफी प्यायले. आजोबांची बायको माझा हात धरून म्हणाली, "त्यांना जेली फार आवडायची हो." (उभ्या जन्मात त्यांनी जेलीला चमचा लावला नव्हता.) घरी येताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "वेगळं झालं." तिच्या तोंडी याचा अर्थ काय, ते तुला सांगायला नको. मी दोन दिवस तिच्यासमोर जेवायला बसलो नाही.

प्रूट सर पोट धरधरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, अरे गाढवा, विचारू नकोस, बघ. म्हणून मी एप्रन बांधला आणि तीन रविवार चर्चच्या मोरीपाशी भांडी घासत सगळ्यांकडे बघत राहिलो. कॉलेजात दोन वर्षांत नाही कळलं ते तिथे कळलं. "आणीन काहीतरी" म्हणणारी बटाटे-खिम्याची भलीमोठी भाजलेली हॉटडिश आणते. "बघते जमतं का" म्हणणारीचा केक आदल्या दिवशीच भाजून झालेला असतो. आणि तीनदा विचारल्याशिवाय कोणीही हो म्हणत नाही, म्हणून माझी सिस्टिम आता प्रत्येकीला ‘नक्की ना?’ असं तीनदा विचारते. सर म्हणाले, अशी गरज माझ्या उभ्या नोकरीत कोणी नोंदवली नाही, आणि शेजारी ‘उत्तम’ लिहिलं. गेल्या शनिवारच्या मयताला हॅम आला, दोन हॉटडिश आल्या, जेली एकच. गुड्रुनबाईने जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. आपल्याकडे याहून मोठा सत्कार होत नाही. मला इतका आनंद झाला की बर्फात दोनदा घसरलो.

आता राहिली आईची सही. फॉर्म नऊ दिवस फ्रिजच्या दारावर लटकतोय. पंचवीस तारखेच्या शुक्रवारी तो द्यायचाय. आई रोज त्याच्याकडे बघते, "यादी पुरी नाही अजून" म्हणते आणि पक्ष्यांना दाणे घालायला जाते. काय राहिलंय विचारलं की "काही नाही, असू दे." आईने असू दे म्हटल्यावर पुढे बोलायची कोणाची टाप आहे! पण होईल, देईल ती सही. माझं मन सांगतंय.

तुझं आणि आईचं जे काही आहे त्यात मी पडत नाही. (आजीच्या मयताला ताटल्या कागदी की चिनी मातीच्या, यावर तुम्ही दोघी एकमेकींना "तुला हवं तसं कर" म्हणालात आणि त्यावर दोन वर्षं अबोला धरलात. हे मी वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं, नावं घेतली नाहीत.) पाणी पीत जा, उन्हात हिंडू नकोस.

तुझा भाचा,
आर्लो

ता. क. काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. सिस्टिममध्ये नावापुढे फोन नंबर असावाच लागतो. गाव सोडून गेलेल्यांची नावं मी काढून टाकली होती, त्यातलं एक आईने परत घालायला लावलं. तुझं. नंबराच्या जागी सरांनी शून्यं टाकायला सांगितली, ती टाकली. आई म्हणाली, "हा तिचा नंबर नव्हे." मग माझ्याकडचा तुझा खरा नंबर टाकला. तो तिने वाचला. "हा तिने तुला दिलाय. मला नाही," म्हणाली आणि स्वतःच्या हाताने पुसला. तेव्हा मावशी, मागणं आहे गं बाई! शुक्रवारच्या आत तिला एक फोन कर. ताटल्यांचं काढू नकोस, हवापाण्याचं बोल, आणि नंबर तूच सांग.

आणखी एक. शनिवारी जेवणाच्या टेबलावर एका टोकाला रुबार्ब भरून भाजलेला आंबटगोड ‘पाय’ होता, तू आणायचीस तसाच, आणि त्यावर आईच्या अक्षरात तुझ्या नावाची चिठ्ठी. दोन वर्षं प्रत्येक मयताला असतो म्हणे, मीच आंधळा. हे कशाला करतेस, असं मी तिला विचारलं. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "लव्हॉनचा आजवर एकदाही खाडा नाही झाला. आता कशाला होऊ द्यायचा?"