धरायला दोघं

सेंट क्लेअर फॉल्स, ओहायो
१९ फेब्रुवारी २०१८

चि. लेनी यास,
अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, मग तू म्हणतोस, ताई ओरडू नकोस. त्यापेक्षा पत्र बरं. गुडघा कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हात बसून नुसता जाड होऊ नकोस.

आपल्या शाळेतलं प्रकरण तुझ्या पोलिसातल्या जुन्या दोस्ताने, गॅरीने, तुला कळवलंच असेल. त्याच्या तोंडून पोरगा राक्षस आणि पोलीस देवदूत झाला असणार, म्हणून माझंही ऐक. डॅरिअस हा सोळा वर्षांचा मुलगा, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. शाळा सुटल्यावर विसरलेलं ट्रम्पेट आणायला तो जिना चढत होता. शाळेवर नेमलेला पोलीस ब्रेंट त्याला थांब म्हणाला. हा एका मिनिटात येतो म्हणाला आणि खांद्यावरचा त्याचा हात झटकला. ब्रेंटने विजेचा झटका देणारी ती स्टन गन चालवली. पोरगा ताठ झाला आणि पायऱ्यांवर तोंडावर आपटला. जबडा मोडला, पुढचे दात गेले. आता तोंड तारांनी बांधलंय आणि त्याची आई यव्होन त्याला नळीने सूप पाजते आहे. ट्रम्पेटचं नाव घरात कुणी काढत नाही.

मी शाळा मंडळावर आहे, हे माझं नशीब. पाच जणांचं मंडळ. शाळेतल्या पोलिसाकडे स्टन गन असावी की नसावी, यावर आम्हाला मत द्यायचंय. गावात दोन तट पडलेत. शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांच्या जेवणाला गेले, तर वाढणाऱ्या बाईने माझ्या ताटात बटाट्याचं सॅलड असं आपटलं की निम्मं बाहेर सांडलं.

तू जन्मभर पोलिसात, शेवटची वर्षं नव्या भरतीला शिकवण्यात गेली. मला सरळ सांग, हे हत्यार शाळेत हवं का?

गुडघ्याला आणि जिभेला जप.
तुझी वांडाताई


फोर्ट मायर्स, फ्लोरिडा
२६ फेब्रुवारी २०१८

ती. वांडाताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा ठीक. जाड झालेलो नाही, पँट्स आटल्यात.

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. हवं. आमच्या वेळी कमरेला दोनच गोष्टी होत्या, दांडका आणि पिस्तूल. दांडक्याने मोडलेली हाडं मी पाहिली आहेत आणि पिस्तुलाचं तर बोलायलाच नको. स्टन गन म्हणजे पाच सेकंदांचा खेळ. माणूस पडतो, उठतो, घरी जातो. त्या पोराचं वाईट झालं, मान्य. पण पोलिसाने थांब म्हटल्यावर थांबावं, एवढं तर आपल्या आईनेही आपल्याला शिकवलं होतं.

आणि हे काय चीज आहे ते मंडळातल्या पंडितांनी मला सांगू नये. मी स्वतः खाल्लाय झटका. आमच्याकडे रीतच आहे, ज्याला ती कमरेला लावायची असेल त्याने आधी आपल्या अंगावर घ्यायची. खाली कुस्तीची जाड गादी, दोन बाजूंना दोघांनी दंड घट्ट धरलेले, मागून गॅरीने चालवली. मी अशा शिव्या घातल्या की आपल्या पाद्रीबाबांनी मला जन्मभर गुडघ्यांवर बसवलं असतं. पाच सेकंदांनी दोघांनी अलगद खाली निजवलं, दहा मिनिटांत मी डोनट खात होतो. हे खुशाल सांग तुझ्या सभेत.

रागावू नकोस, तूच विचारलंस.
तुझा लेनी


सेंट क्लेअर फॉल्स
१४ मार्च २०१८

चि. लेनी यास,
अ. उ. आ.

तू सांगायला सांगितलंस, मी सांगितलं. आता ऐक काय झालं ते.

काल सभेला इतकी गर्दी की बँडच्या खोलीतून खुर्च्या आणल्या. ज्याने दारात चिठ्ठीवर नाव दिलंय त्याला तीन मिनिटं, मग लाल दिवा लागतो आणि माइक बंद. हार्डवेअरच्या दुकानवाल्याने तीन मिनिटं पोलिसांची आरती ओवाळली. विज्ञानाच्या बाईंनी तीन मिनिटं व्होल्टेज समजावलं, ते कुणालाच समजलं नाही. मग पोलीसप्रमुख उठले आणि म्हणाले की आमच्या प्रत्येक माणसाने हा झटका स्वतः घेतलाय, ब्रेंटनेही, आणि कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. टाळ्यांचा कडकडाट.

मी विचारलं, झटका घेताना ब्रेंटला कुणी धरलं होतं का. ते अभिमानाने म्हणाले, अर्थातच, दोघांनी, नियमच आहे, नाहीतर माणूस पडून डोकं फोडून घेईल. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात यायच्या आतच मागच्या रांगेतून यव्होन उभी राहिली. मग माझ्या लेकाला कुणी धरलं होतं, असं तिने विचारलं. आवाजही चढवला नाही. अध्यक्षांनी हातोडा आपटला, कारण तिने चिठ्ठी दिली नव्हती! एका आईला चिठ्ठी नाही म्हणून खाली बसवलं, लेनी, आणि ती बसली. मला लाज वाटली, अजून वाटते आहे.

मतदान पुढच्या सभेत. झटका घेण्याची ही रीत मला कुठून कळली असं प्रमुखांनी विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं ना?

तुझी वांडाताई


फोर्ट मायर्स
२० मार्च २०१८

ती. वांडाताईस,
सा. न. वि. वि.

शाब्बास! घरचं पत्र चव्हाट्यावर नेलंस. गॅरीने फोन करून अर्धा तास माझी हजामत केली. म्हणे तुझ्या बहिणीने आमच्या पाठीत सुरा खुपसला आणि मूठ तुझ्या हातात होती. उन्हाळ्यात तलावावर आम्ही सगळे जमतो, तिथे यंदा नाही आलास तरी चालेल, असंही सुचवून झालं. पंचवीस वर्षांची दोस्ती, ताई. यातल्या दोघांनी माझी शवपेटी उचलायचं कबूल केलंय, आता मी मरू तरी कसा?

मी बढाई मारली, तू तिची साक्ष केलीस. लहानपणीही तू हेच करायचीस, मी काहीतरी बोलायचो आणि तू ते बाबांपुढे नेऊन ठेवायचीस.

आणि प्रत्येक वेळी पोलीस खाली गादी घेऊन फिरणार आहे का? रस्त्यावर कोण कुणाला धरतं? तुम्हा लोकांना काही कळत नाही आणि मतं द्यायची असतात.

ईस्टरला पिएरोगी करशील तेव्हा माझी आठवण काढू नकोस.
लेनी


सेंट क्लेअर फॉल्स
११ एप्रिल २०१८

चि. लेनी यास,
अ. उ. आ.

आठवण काढली. कोबीचं सारण भरून केले होते, तुझ्या वाटणीचेही मीच खाल्ले.

मतदान झालं. चार विरुद्ध एक, ती एक मी. स्टन गन शाळेत राहणार. पण थांब, आमचं मंडळ इतकं निर्दय नाही. वांडाबाईंनी पडण्याचा मुद्दा फार मोलाचा मांडला, असं म्हणून अध्यक्षांनी माझे आभार मानले आणि शाळेच्या सगळ्या जिन्यांना मऊ रबर बसवायचा ठराव एकमताने मंजूर केला. एकमताने म्हणजे माझंही मत धरून. रबराला नाही कसं म्हणू, उद्या तिथे आणखी एखादं पोर पडेल. मुलांना झटका द्यायचा की नाही ते राहिलं बाजूला आणि रबर हिरवं असावं की राखाडी, यावर लोक तासभर तावातावाने बोलले. मी घरी येऊन ओव्हनचं दार इतक्या जोरात लावलं की त्याची काच तडकली.

डॅरिअसच्या तारा निघाल्या. ट्रम्पेटमधून नुसता वारा येतो, ओठ धरत नाहीत. त्याने ते शाळेला परत केलं. यव्होनने शहरावर दावा लावलाय. झटका देण्याचं शिक्षण कसं देतात, माणूस पडणार हे पोलिसाला शिकवलेलं असतं की नाही, हे कोर्टात सांगणारा माणूस तिच्या वकिलाला हवा आहे. नोकरीतला एकही पोलीस तोंड उघडत नाही. मी तुला काही मागत नाही, लेनी. गेल्या वेळी न विचारता तुझं नाव घेतलं, ते चुकलंच. या वेळी कुणालाही सांगितलेलं नाही.

राग धर, पण पत्र धाड.
तुझी वांडाताई


फोर्ट मायर्स
१७ एप्रिल २०१८

ती. वांडाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रबराचं वाचून पहिल्यांदा हसलो, मग हसू गेलं.

गॅरीने एक कागद पाठवला होता. बहिणीने माझ्या बोलण्याचा विपर्यास केला, असं लिहिलेलं, खाली माझ्या सहीसाठी रेघ. मी सही केली नाही. विपर्यास कुठला, मी बोललो तेच तू बोललीस. गॅरीला तसं कळवलं. त्याने फोन आपटला, यापुढे कधी करेल असं वाटत नाही.

माणूस लाकडासारखा पडतो, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. जिना, पाणी, उंच जागा असेल तर चालवू नका, हेही. ब्रेंट पहिल्या बाकावर होता. हुशार पोरगा, सगळं लिहून घ्यायचा. त्याने झटका घेतला तेव्हा डावा दंड मी धरला होता. फार घाबरला होता. मी त्याला म्हणालो, बाळा, आम्ही आहोत, तुला पडू देणार नाही.

वकिलाला माझा पत्ता दे. जे शिकवलं ते सांगेन, कमी नाही, जास्त नाही. मे महिन्यात येतो. तुझ्या सोफ्यावर झोपेन, घोरलो तर सहन कर.

एक काम मात्र कोर्टाच्या आधीचं आहे. मला त्या मुलाला भेटायचंय. काय बोलायचं ते ठाऊक नाही. यव्होनला विचार, मी कोण ते सगळं सांगून विचार, दारापर्यंत आलो तर चालेल का. नाही म्हणाली, तर तेही कळव.

तुझा लेनी