नियमभंग आढळला नाही

३, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. कचेरी सातव्या मजल्यावर, काचा मोठ्या, ऊन थेट टेबलापर्यंत येतं. लोक आपले फोटो, वाढदिवस आणि भांडणं जिथे टाकतात, त्या कंपनीचा हा तक्रार विभाग. कुणी लिहितं, माझा फोटो न विचारता टाकलाय, काढा. कुणी लिहितं, माझा पत्ता चव्हाट्यावर आणलाय, काढा. आम्ही बघायचं आणि दोनपैकी एक बटण दाबायचं: ‘काढला’ किंवा ‘नियमभंग आढळला नाही’.

मला शिकवायला काकू आहेत. लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणतात. एका तक्रारीला आठ सेकंद. समोर नुसता फोटो येतो. तो कुणी टाकला, तक्रार करणाऱ्याने काय लिहिलंय, हे पाहायला आणखी एक बटण दाबावं लागतं. ते उघडत बसू नकोस, उघडलं की दिवस हातचा गेला, असं काकूंनी बजावलं आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. बाई मायाळू आहे.

काकूंचा नंबर चौदा. तो नंबर शोधतच मी इथे आले.

५, बुधवार
सगळं लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी हात कचरला तर वाचता येईल.

भावोजींच्या माराला कंटाळून ताई घर सोडून गेली. दुसऱ्या गावात खोली घेतली. पत्ता फक्त मला ठाऊक होता. तरी कुणीतरी तिच्या घराचा फोटो टाकला. ताईने नऊ दिवसांत सात वेळा तक्रार केली आणि सातही वेळा एकच उत्तर आलं. नियमभंग आढळला नाही. खाली बारीक अक्षरांत १४. दहाव्या दिवशी भावोजी तिच्या दारात उभे होते.

ताईच्या तेराव्यानंतर पोलिसांनी तिचा फोन परत केला, तेव्हा ती सात उत्तरं मला सापडली. भावोजी सध्या आत आहेत, साक्ष माझी आहे. त्यांचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. चौदा नंबरचं मी ठरवणार.

१०, सोमवार
काकूंच्या मागोमाग जाऊन त्यांचं घर पाहून आले. हिरवं फाटक, अरुंद जिना, वर म्हातारे वडील. खोट्या नावाने खातं उघडलं, फाटकाचा फोटो टाकला, पत्ता टाकला आणि खाली लिहिलं की ही बाई बापाला उपाशी कोंडून ठेवते. त्या रोज त्याला भरवून कामावर येतात, हे मला पक्कं माहीत आहे. खोटं लिहिताना बोट जरासुद्धा अडखळलं नाही. संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी ते पुढे धाडलं.

१३, गुरुवार
स्वतःच्या घराची तक्रार स्वतः निकालात काढता येत नाही, म्हणून काकूंची तक्रार फिरत फिरत माझ्याच पडद्यावर आली. नियमभंग आढळला नाही. आठ सेकंदही लागले नाहीत. आतापर्यंत चार वेळा.

१९, बुधवार
काल काकूंच्या फाटकाशी माणसं जमली. दगड आले. म्हातारा घाबरून खाली यायला निघाला आणि जिन्यावरून गडगडला. खुब्याचं हाड मोडलंय.

काकू सामान न्यायला आल्या आणि माझ्या शेजारी बसून रडल्या. चार वेळा हात जोडले, तिथे माणसं बसतात की धोंडे, असं विचारत होत्या. मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. मला बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

२१, शुक्रवार
काकू रजेवर. त्यांच्या संगणकावर बसून ताईच्या सातही तक्रारी शोधून काढल्या. मला त्या जपून ठेवायच्या होत्या. तक्रारीचा मजकूर उघडला.

फोटोत ताई खिडकीत बसून हसतेय. मागे समोरच्या दुकानाची पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येतं. फोटो टाकणारीचं नाव माझं आहे.

माझं जुनं खातं. मी तिला भेटायला गेले होते, ती किती दिवसांनी हसली म्हणून कौतुकाने टाकला. तिने काढ म्हटलं तेव्हा मी म्हटलं, बघते. पासवर्ड विसरले होते, शोधायचा कंटाळा केला. तुझं आपलं काहीतरीच, असंही म्हणाले. ताईच्या घराचा फोटो म्हणजे हाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. की मी येऊ दिलं नाही.

पहिल्या तक्रारीत तिने लिहिलंय: हा माझ्या धाकट्या बहिणीने प्रेमाने टाकलाय, तिला काही करू नका, फक्त काढा.
सातव्या तक्रारीत एवढंच: तिला तीनदा सांगितलं.

२४, सोमवार
त्या जुन्या खात्यावर आज नवा फोटो आलाय. माझ्या इमारतीचा. खाली लिहिलंय, धाकटी इथे राहते. पासवर्ड अजूनही माझ्याकडे नाही.

तक्रार केली. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. खाली १४. काकू इस्पितळात बापाच्या उशाशी आहेत. उत्तर आलं तेव्हा मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत होते.

२७, गुरुवार
वकिलांचा फोन. भावोजींना जामीन मिळाला.

मैत्रिणीकडे राहायला गेले. तासाभरात तिच्या दाराचा फोटो आला. तिला दोन पोरं आहेत. तिने हात जोडून मला जायला सांगितलं, मी माझ्या खोलीवर परत आले. पोलीस म्हणतात, फोटो तुमच्याच खात्यावरून येतोय, तुम्हीच काढा.

तिसरी तक्रार. आढळला नाही.

३०, रविवार
काकूंना गाठलं, इस्पितळाच्या जिन्यात. सगळं कबूल केलं, पाया पडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कालपासून एक बाई येऊन बापाजवळ बसते, खूप हसरी आहे, तुझी चौकशी करत होती. तुझा पत्ता मी दिला तिला —
मी विचारलं नाही कशी दिसते.

२, मंगळवार
आजचा फोटो खोलीच्या आतून. माझा पलंग. ही वही —
सातवी तक्रार केली. तेच उत्तर.
ताई, चुकलं माझं. किती वेळा लिहू? चुकलं. मुद्दाम नव्हतं केलं गं —

३, बुधवार
दहावा दिवस. भर दुपार. कडी लावलीय, कडीला खुर्ची लावलीय.
बेल.
भावोजी. आवाज अगदी गोड. म्हणतायत, घाबरू नकोस, पत्ता ताईनेच दिला. तिने स्वतः फोन केला. दारही तीच उघडणार म्हणाली —
मी पलंगावर आहे. दारापासून लांब. खुर्ची बाजूला झाली. कुणी हात लावला नाही, आपोआप —
ताई, नको. कडी सरकतेय, आतून, तिची बोटं दिसतायत मला, ताई मी सांगते ना, मी आत्ता काढते तो फो