लाल कृष्णकमळ आणि अळ्यांचा डबा

१४ जून
वेल लावली. लाल कृष्णकमळ! निळं पुष्कळांच्या दारात आहे. लाल जालन्यात कोणाकडंच न्हाई, असं नर्सरीवाला शपथेवर म्हणाला. बियाण्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मी घरभर नुसता फिरून राह्यलो. डॉक्टर म्हणाले, कशात तरी जीव रमवा.
सुरेखानं विचारलं, "भाजी होते का याची?"
"न्हाई."
"मंग?"
मंग काही न्हाई. पाणी घातलं.

२९ जून
नवीन फुटवा.

११ जुलै
वेल ग्रीलवर चढली. शेजारचे इनायतभाई स्कूटर थांबवून बघून गेले. सुरेखा बघत न्हाई. तिचं आपलं स्वयंपाक, टीव्ही आणि लेकीचा फोन. अर्पिता पुण्यात असते.

१९ जुलै
अळ्या! तांबूस, काटेरी. कोवळ्या पानांची चाळणी करून टाकली. एकेक चिमट्यानं उचलून मागच्या मोकळ्या प्लॉटवर फेकली. सुरेखा खिडकीतून बघत होती. मंग आत गेली. आम्ही तसंही जेवणापुरतंच बोलतो.

२३ जुलै
अळ्या कमी झाल्या, तरी पानं कमी होऊनच राह्यली. नीट पाहिलं — देठ सरळ कापलेले. इनायतभाईंच्या शेळ्यांवर संशय आला. जाऊन बोललो बी. ते शांतपणे म्हणाले, "साब, बकरी कैंची नहीं चलाती."
बराबर आहे.

२४ जुलै
चोर सापडला. चहापत्ती शोधायला स्वयंपाकघरात गेल्तो. फळीवर प्लास्टिकचा मोठा डबा, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला. आत माझी पानं आणि माझ्याच अळ्या. गुबगुबीत!
"हे काय?"
"तुम्ही फेकता, मी वेचून आणते."
"कशाला?"
"घरात काहीतरी हलतं तेवढंच," सुरेखा म्हणाली आणि कणीक मळायला लागली.
चहा न घेताच बाहेर आलो.

२६ जुलै
तह झाला. ग्रीलच्या आडव्या पट्टीखालची पानं तिची, वरची माझी. अळ्यांना हे समजावून सांगायची जबाबदारी तिच्याकडं.

९ ऑगस्ट
"अहो, या जल्दी!" — सुरेखानं हाक मारली. मला वाटलं गॅस लीक झाला. डब्यात कोषातून फुलपाखरू निघून राह्यलं होतं. शेंदरी, पंखांवर काळे ठिपके. पंख वाळेस्तोवर दोघं ओट्यापाशी उभे. वांग्याची भाजी करपली. तशीच खाल्ली.

१२ ऑगस्ट
अर्पिताचा फोन. स्पीकरवर होता. "आई, तू इकडंच ये कायमची. तिथं तुझ्याशी बोलायला आहे कोण?"
मी पेपर वाचत बसलेलो. पान उलटलं.
सुरेखा म्हणाली, "डब्यातली लेकरं उडून गेली की बघू."
पेपरात काय होतं, आता आठवत न्हाई.

१३ ऑगस्ट
वेलीवर एक अळी दिसली. चिमटा आणला. ठेवून दिला.

१७ ऑगस्ट
वेलीला कळी! एकच. फुलायला आठवडा-दहा दिवस तरी लागतील. आणि डब्यात आता मोजकेच कोष राह्यले.

१८ ऑगस्ट
गाडी काढून एमआयडीसीत गेलो. तिथं नालीच्या कडेनं रानटी कृष्णकमळ माजलेलं असतं, नोकरीत असताना येताजाता दिसायचं. त्यावर अळ्याच अळ्या. टिफिनमध्ये भरून राह्यलो होतो, तेवढ्यात मिलमधून सुटलेली पोरं थांबली. "काका, काही हरवलं का?"
"न्हाई."
घरी आलो, सुरेखा आंघोळीला गेल्ती. सगळ्या पट्टीखाली सोडल्या.

२१ ऑगस्ट
पुन्हा आणल्या. सुरेखा म्हणाली, "औंदा अळ्या लईच झाल्या."
म्हणलं, "पाऊस चांगला आहे."
दुसरा डबा काढावा लागला. तिनंच काढला. आज जेवताना अळ्यांवरच बोलणं झालं. ताटं वाळून गेली तरी उठलो न्हाई.

२६ ऑगस्ट
अळ्यांनी तह मोडला. पट्टीच्या वर गेल्या. एक कळीला लागली. कळी चांगली फुगली होती, टोकाला लाल दिसत होतं. उद्या-परवा उमललीच असती — जिल्ह्यातलं पहिलं लाल कृष्णकमळ! चिमटा खिशातच होता.
काढला न्हाई. आत जाऊन पलंगावर बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. एका कळीसाठी, या वयात! हे इथंच लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगणार न्हाई.

२८ ऑगस्ट
वेलीच्या नुसत्या काड्या राह्यल्या. सुरेखा बाहेर आली, बघत उभी राह्यली. म्हणाली, "टिफिनमधून अळ्या आणून राह्यले, ते दिसत होतं मला. पण सोन्यासारख्या वेलीचा असा सत्यानाश कशापायी केला?"
सांगून टाकलं. "डबा रिकामा झाला की तू पुण्याला जाशील म्हणून."
"मी तं अर्पिताला दुसऱ्याच दिवशी न्हाई म्हणून सांगितलं."
"मंग मला का न्हाई सांगितलं?"
"तुम्ही विचारलं कुठं?"