तेरा हजार किलोमीटरचा दोरा

आप्पा, आज माळा आवरताना तुम्ही आणलेला पृथ्वीगोल सापडला. मला नन्सच्या शाळेत घातलंत, तेव्हा पुण्याहून आणला होतात. त्याच्याभोवती गोधडीचा लाल दोरा अजून तसाच आहे. तो पाहून माया वाटायला हवी होती, किळस आली. धाकटा भाऊ शिकागोला निघाला, त्या दिवशी स्वयंपाकघरात, भाकरीच्या परातीशेजारी, तुम्ही मुंबईवर बोट दाबून धरलंत आणि मी दोरा ताणून शिकागोपर्यंत नेला. तेरा हजार किलोमीटर. "म्हंजी जुन्नरच्या सातशे खेपा की गं," म्हणालात आणि कितीतरी वेळ बोट उचललंच नाहीत.

पुढे तुमचं अंग लुळं पडलं आणि मी डिंगोऱ्याला परत आले, ती तीन वर्षं राहिले. चादर बदलताना, पाठीच्या जखमा पुसताना तुमचा एकच प्रश्न: "पोराला यायला येळ किती लागंल?" मी सांगायची, विमानं बदलून एकवीस तास, मग मुंबईहून माळशेज घाटाने पाच. तीन वर्षांत तो एकदाही आला नाही. जखमांची मला कधी किळस आली नाही, आप्पा. त्या प्रश्नाची यायची.

तुम्ही गेलात ती पहाट. तासाभरात धाकट्याचा फोन येतो. "ताई, तिकीट मिळालं. उद्या दुपारी पोचतो. आप्पांना ठेव." ओसरीवर काका बशीतला चहा फुरकत विचारतात, "कान्व्हेंटवाले, तूच सांग, इमानाला किती येळ? उद्यापत्तुर येत आसंल तर नारायणगावचा बर्फ आणू. लेकाच्या हातचा अग्नी पायजे." त्यांचा मुलगा म्हणतो, "अमेरिका म्हंजी काय आळेफाटा हाय व्हय, राव?" आणि सगळे हसतात. तुम्ही आत, चार पावलांवर.

मी म्हणाले, "परवा संध्याकाळी."

"परवा? मंग न्हाई जमायचं, बाई. माणूस येवढा येळ ठेवीत न्हाईत."

दुपारी काकांच्या मुलाने अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर धाकटा आला, तेव्हा राखेत अजून धग होती. खांद्यावरची बॅगसुद्धा त्याने उतरवली नाही. "ताई, दुपारी पोचतो म्हणालो होतो ना मी?" "फोन खरखरत होता रे," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझ्या हातचा चहा प्याला. ओसरीवरच्या त्या हसण्याची किळस आज थोडी निवली आहे. धाकट्याने माझ्यावर विश्वास ठेवला, याची नाही.

खरं तर हे त्यालाच लिहायला हवं. पण आता तो दरवर्षी येतो, थेट विमानाने, आणि उंबऱ्यातूनच ताई म्हणून हाक मारतो. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच. घडी करून गोलाखाली ठेवून देईन.

फोन स्वच्छ ऐकू आला होता, आप्पा.